‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९७१) : बेणारेबाई पिंजऱ्यात, दामले कुठे?

बर्डीवाला

नाटक बहुतेकांना ठाऊक असतं, सिनेमा फार थोड्यांनी पाहिलेला असतो, म्हणून हा धागा. विजय तेंडुलकरांचं नाटक १९६७ चं. सत्यदेव दुबेंनी १९७१ मध्ये त्याचा सिनेमा केला. कॅमेरा गोविंद निहलानींचा, लीला बेणारे झाल्या सुलभा देशपांडे. अमोल पालेकर पडद्यावर पहिल्यांदा दिसले ते याच सिनेमात. नागपुरात लक्ष्मीनगरला एका मित्राकडे आम्ही काही जणांनी मिळून पाहिला आणि तेव्हा सुरू झालेला वाद व्हॉट्सॅपवर अजून चालूच आहे.

गोष्ट थोडक्यात सांगतो. मुंबईची एक हौशी नाटकमंडळी एका गावी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला येते. रात्री अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांचा खटला चालवायचा आहे. दुपार रिकामी. गावातल्या सामंतला कोर्ट कसं चालतं ते कळावं म्हणून गंमत म्हणून एक खोटा खटला उभा करतात. आरोपी, शाळेत शिकवणाऱ्या बेणारेबाई. आरोप भ्रूणहत्येचा. हसतखेळत सुरू झालेल्या प्रकारातून हळूहळू बाहेर येतं की बाई खरंच गरोदर आहे, लग्न झालेलं नाही, आणि मूल प्रा. दामल्यांचं आहे. दामले संसारी, विद्वान, मंडळीतलेच, आणि नेमके त्या दिवशी आलेले नाहीत.

‘समाजाचा दांभिकपणा’ असं सगळेच म्हणतात आणि तिथेच थांबतात. मला यातली कोर्टाची रीत जास्त खुपली. जो येतो तो पिंजऱ्यात उभा राहून बाईबद्दल काहीतरी सांगतो. पोंक्षे सांगतो, रोकडे सांगतो, कर्णिक सांगतो. सामंतला तर काहीच माहीत नाही, तो हातातल्या कादंबरीतलं वाचून साक्ष देतो आणि तीही चालते! काशीकर न्यायाधीश, समाजसेवक माणूस, मधूनमधून कान कोरतात आणि मातृत्वाच्या पावित्र्यावर बोलतात. पर्समधल्या टिक-२० च्या बाटलीची गोष्ट भर कोर्टात निघते. ढेकणांच्या औषधाची बाटली एका शिक्षिकेच्या पर्समध्ये का, हे सगळ्यांना कळतं, आणि कुणाच्या चेहऱ्यावर काळजी उमटत नाही, मिटक्या मारल्यासारखं चालतं सगळं. इतकं सगळं खोदून काढणाऱ्या कोर्टाला दामल्यांना जाब विचारावासा एकदाही वाटत नाही. नाव कळतं, पण ते बाईविरुद्धचा पुरावा म्हणून वापरलं जातं. नावाच्या माणसाशी कुणाला कर्तव्य नाही.

आमच्यातल्या एकाचं म्हणणं, आता हे सगळं संपलं, सिनेमा जुना झाला. तुम्हाला काय वाटतं?

इतवारी_राजा

बर्डीवाले, तुमचा मित्र बरोबर बोलून राहिला. आता मिहानच्या कंपन्यांमधले पोट्टे-पोट्टी एका फ्लॅटात राहून राहिले, कोणी काही म्हणत नाही. आणि सिनेमा म्हणून पाहाल तर सगळं एकाच खोलीत, माणूस कंटाळते ना राजेहो. याच विषयावर पाहायचं तर ‘धूल का फूल’ पाहा. १९५९ चा, यश चोप्रांचा पहिला. त्यात कोर्ट पण आहे, गाणी पण आहेत, आणि त्या पोराचा बाप राजेंद्रकुमार शेवटी उघडा पडतो. इथं तर शेवटी काहीच होत नाही.

महालातली_मी

‘कोणी काही म्हणत नाही’ हे वाक्य पुरुषच लिहू शकतो. राजाभाऊ, मुलीच्या नावानं एकदा वर्धा रोडला फ्लॅट भाड्यानं शोधून बघा. एजंटचा पहिला प्रश्न ‘फॅमिली का?’ दुसरा, ‘भाऊ-वडील येत-जात राहतील ना?’ कंपनीतल्या दोन मुलांनी तोच फ्लॅट घेतला की फक्त डिपॉझिट विचारतात.

माझ्या एका मैत्रिणीनं लग्नाशिवाय मूल वाढवायचं ठरवलं. बाप कोण हे तिनं कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही. जन्मदाखल्यावर फक्त आईचं नाव. शाळेत ॲडमिशनला गेलो तर खिडकीतला माणूस म्हणे, वडिलांचा रकाना रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढे जात नाही. ‘मग डॅश टाका.’ ‘डॅश घेत नाही.’ मागे रांग. मग तो आवाज खाली आणून, फार समजूतदारपणे म्हणाला, ‘मॅडम, मयत लिहू का?’ जिवंत माणसाला कॉम्प्युटरसाठी मारायला तयार! आणि त्याला वाटत होतं तो मदत करतोय. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण एका शाळेची ही गोष्ट नाही.

वऱ्हाडी_भौ

‘मयत लिहू का’ 😂 हसू पण येऊन राहिलं अन् राग पण.

बापाच्या रकान्यावरून आठवलं. आमच्या अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर आहेत, २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. टाकून दिलेली, अपंग, बेवारस लेकरं सांभाळली त्यांनी, अन् कागदावर बाप म्हणून सोताचं नाव लावलं. सरकारले कागदावर बाप पाहिजे ना, तर घ्या बाप.

वकीलकाका_सिव्हिललाईन्स

बर्डीवाला, धागा वाचून सिनेमा पुन्हा लावला. आयुष्य कोर्टात गेलं म्हणून थोडं त्या खटल्यावर लिहितो. लांबेल.

काशीकर बेणारेबाईवर भारतीय दंड संहितेचं कलम ३०२ लावतात. ते खुनाचं कलम. पोटातलं मूल मारणं हा त्या कायद्यात खून होतच नाही, कलम २९९ च्या स्पष्टीकरणातच तसं लिहिलेलं होतं. गर्भपाताचं कलम वेगळं, ३१२, आणि त्याची शिक्षा फाशीच्या जवळपासही जात नाही. शिवाय मूल अजून पोटात आहे! म्हणजे गुन्हा घडलाच नाही. मग निकालात काशीकर काय हुकूम करतात? बाईच्या पोटातलं मूल नष्ट करावं. ज्या आरोपाखाली खटला चालवला तेच कृत्य कोर्ट स्वतः फर्मावतं. तेंडुलकरांना कायदा कळत नव्हता असं समजू नका. हे मुद्दाम केलेलं आहे.

न्यायाधीश मध्येच खुर्चीवरून उतरून साक्षीदार होतात आणि साक्ष संपली की परत खुर्चीवर जाऊन बसतात. सरकारी वकील सुखात्मे, बचावाचे वकीलही सुखात्मेच. आमच्या वकिलांच्या बार रूममध्ये यावर हशा पिकेल.

आता ज्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही ते. बाईचं चारित्र्य किती वाईट हे दाखवायला कोर्टात सांगतात की लहान वयात तिचं सख्ख्या मामाशी प्रेम होतं. वय चौदा-पंधरा. त्या काळीही संमतीचं वय १६ होतं. म्हणजे जो पुरावा बाईविरुद्ध म्हणून येतो, तो खरं तर मामाविरुद्धच्या गंभीर गुन्ह्याची खबर आहे. आज तो सरळ पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचा खटला. त्या खोलीत सगळे ऐकतात आणि कोणालाही गुन्हा दिसत नाही, दिसतं ते बाईचं पाप.

आणि दामले. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८८ होतं. अनौरस मुलाच्या पोटगीसाठी बापाला मॅजिस्ट्रेटसमोर खेचता येत होतं, महिन्याला ५०० रुपयांपर्यंत. पुढे १९७३ च्या संहितेत ते कलम १२५ झालं, आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४. बर्डीवाला, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. सिनेमा आला तेव्हा खऱ्या कोर्टाला दामल्यांपर्यंत पोचायची वाट होती. वाट नव्हती ती अभिरूप कोर्टाला, कारण ते कोर्ट कायद्याचं नव्हतंच, वाड्यातल्या ओसरीचं होतं.

महालातल्या ताईंसाठी: २०१५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाचा एबीसी विरुद्ध दिल्ली राज्य हा निकाल आला. अविवाहित आईला बापाचं नाव न सांगता, त्याला नोटीस न देता पालकत्व मिळतं, आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला द्यायलाच हवा. त्याची प्रत पर्समध्ये ठेवा म्हणावं मैत्रिणीला.

महालातली_मी

काका, ठेवते ती. लॅमिनेट करून. शेवटी तीच खिडकीतून आत सरकवली तेव्हा तो ‘साहेबांना विचारतो’ म्हणाला आणि अर्ध्या तासानं कॉम्प्युटर डॅश घ्यायला लागला.

राज्य सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आधी आईचं नाव मग वडिलांचं असा क्रम केलाय, ते चांगलंच. पण क्रम बदलून खिडकीतला माणूस बदलत नाही.

इतवारी_राजा

सगळे एकाच बाजूनं बोलून राहिले म्हणून उलटं विचारतो, रागावू नका. बेणारेबाई लहान होती का? शिकलेली, कमावती. दामल्याले बायको-लेकरं आहेत हे तिले ठाऊक होतं ना? मग त्या बायकोचा विचार कोण करणार? तिच्या घरी हे कळल्यावर काय झालं असेल?

बर्डीवाला

प्रश्न रास्त आहे आणि रागावायचं कारण नाही. पण बघा, तुम्हीही दामलेबाईंची काळजी बेणारेला विचारताय. ती दामल्यांना विचारा ना. त्यांनाही ठाऊक होतं की आपल्याला बायको-लेकरं आहेत.

आणि बाईनं लपवाछपवी केलेली नाही. ती पोंक्षेकडे गेली, लग्न कर म्हणाली, मुलाला नाव हवं म्हणाली, खरं काय ते सांगितलं. रोकडेलाही विचारलं. दोघांनी नकार दिला, तो त्यांचा हक्क. पण विश्वासानं सांगितलेली तीच गोष्ट दोघे पिंजऱ्यात चढून सांगतात. माझ्या लेखी सिनेमातला सगळ्यात हलका क्षण तो.

संपादक मंडळ

इथला एक प्रतिसाद उडवला आहे. सिनेमातल्या पात्राबद्दल काय बोलायचं ते बोला, सदस्यांच्या घरातल्या मुलींबद्दल नको.

पडद्याआड

नागपुरात राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत, कॉलेजच्या एकपात्री स्पर्धांत, ऑडिशनला, बेणारेचं शेवटचं स्वगत किती वेळा पाहिलं याला गणती नाही. दरवेळी मुलगी मधोमध, पिवळा प्रकाश, पहिल्याच वाक्याला रडायला सुरुवात. बक्षीसही मिळतं. मला त्याचा मनापासून वैताग येतो.

कारण ते स्वगत खटल्यातून तोडून काढलं की त्याचा जीव जातो. आधी काय होतं ते बघा. काशीकर घड्याळ बघून बाईला बोलायला दहा सेकंद देतात. फक्त दहा. बाई गप्प उभी. मग बाकीचे सगळे जागच्या जागी गोठतात आणि ती बोलायला लागते, आयुष्यभराचं बोलते. संपतं, सगळे पुन्हा हलतात, आणि काशीकर म्हणतात वेळ संपली. म्हणजे त्या खोलीत तिनं तोंडच उघडलेलं नाही! प्रेक्षकांनी ऐकलं, कोर्टानं नाही. ऑडिशनला मुलगी टाहो फोडते आणि परीक्षक डोळे पुसतात, तिथे नाटकाच्या नेमकं उलटं घडतं. तिला ऐकणारं कुणीतरी मिळतं.

सुलभाताई रडक्या कधीच होत नाहीत. सुरुवातीची बेणारे आठवा. थट्टेखोर, चुणचुणीत, सगळ्यांची फिरकी घेणारी, कडी लागून बोट दुखावलं तरी हसणारी. हीच कडी पुढे बाहेरून बसते आणि तिला निघता येत नाही. त्या चुणचुणीतपणाचाच या मंडळींना राग आहे हे सुलभाताईंच्या कामातून कळतं. बाई मान खाली घालून वावरणारी असती तर खटला इतका रंगला नसता.

आणि ज्यांना एका खोलीचा कंटाळा येतो त्यांना एवढंच: बाहेर पडायची सोय नसणं हाच तर त्या सिनेमाचा विषय.

अवांतर: कोर्टाचे सिनेमे निघालेच आहेत तर आपल्या नागपूरच्या वीरा साथीदारांना विसरू नका. २०१४ च्या ‘कोर्ट’मधले नारायण कांबळे. २०२१ मध्ये कोविडनं गेले.

वऱ्हाडी_भौ

पडद्याआड दादा, लय भारी. अवांतराले अवांतर: आपले एलकुंचवार नाटकाकडे वळले ते पण तेंडुलकरांचंच ‘मी जिंकलो! मी हरलो!’ पाहून.

निवृत्त_सिस्टर

मी बहुतेक वेळा नुसती वाचते. आज लिहिते, कारण टिक-२० च्या बाटलीचा उल्लेख आला.

मी प्रसूती विभागात नोकरी केली. हॉस्पिटल कोणतं ते महत्त्वाचं नाही. आमच्याकडे यायच्या त्या मुलींच्या गळ्यात नवं कोरं मंगळसूत्र असायचं. दोऱ्याला अजून दुकानातली घडी. नेहमी घालणाऱ्या बाईचा हात सारखा तिकडे जात नाही, या मुलींचा जायचा, उलटं तर झालं नाही ना बघायला. केसपेपरवर ‘सौ.’ लिहून घ्यायच्या. सोबत मावशी किंवा शेजारीण. आई फार कमी वेळा, आणि तो मुलगा कधीच नाही. आमच्यातल्या काही जणी मुद्दाम मोठ्यानं विचारायच्या, ‘मिस्टर कुठे आहेत?’ वॉर्डातल्या सगळ्या माना वळायच्या. ते विचारणाऱ्या बायका दुष्ट नव्हत्या. रात्रपाळीत स्वतःचा डबा वाटून खायच्या. पण तो प्रश्न विचारताना त्यांच्या आवाजात एक गोडी यायची, काशीकरबाईंच्या आवाजात आहे तशी.

१९७१ लाच गर्भपाताचा कायदा झाला, तरी ‘गर्भनिरोधक फसलं’ हे कारण कायद्यात फक्त लग्न झालेल्या बाईसाठी लिहिलेलं होतं. २०२१ च्या दुरुस्तीत ‘नवरा’ जाऊन ‘जोडीदार’ आलं. तोवर या मुलींनी मंगळसूत्र विकत आणायचं नाही तर काय करायचं?

वकीलकाका_सिव्हिललाईन्स

सिस्टर, तुमच्या मुद्द्याला जोड देतो. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की २४ आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीतून अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही. मुलगी अल्पवयीन असेल तर पोलिसांना खबर द्यावी लागते, पण तिची आणि पालकांची विनंती असेल तर डॉक्टरनं त्या खबरेत तिची ओळख उघड करायची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे. हे आपल्या तालुक्याच्या डॉक्टरांपर्यंत पोचलं पाहिजे, कारण पोलीस स्टेशनच्या भीतीनंच मुली नको तिथे जातात.

मूल वाढवणं शक्य नसेल तरी ते उकिरड्यावर ठेवायची वेळ नाही. बालकल्याण समितीपुढे रीतसर सोपवता येतं आणि आईला फेरविचाराला दोन महिने मिळतात.

बुलढाण्याची_लेक

एवढी चर्चा झाली आणि ताराबाईंचं नाव नाही? आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे!

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला, अनौरस मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर रकानेच्या रकाने येऊ लागले. ते वाचून ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं, १८८२ मध्ये पुण्यात छापलं. मुद्दा बर्डीवाल्यांचाच: तिला इथवर आणणारा पुरुष कुठे आहे? विधवेला पुन्हा लग्न करू देणार नाही, एकटी पाहून फसवणार, आणि मग न्याय करायलाही तुम्हीच बसणार! पुस्तकावर इतकी टीका झाली की जोतीरावांना ताराबाईंच्या बाजूनं लिहावं लागलं. त्यांनी तर अशा बायकांसाठी १८६३ मध्येच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. तिथेच काशीबाईंचा मुलगा जन्मला, तो जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला, यशवंत. पुढे डॉक्टर झाला.

काशीकर नवराबायकोलाही मूल नाही, त्यांनीही रोकडेला सांभाळलंय. सांभाळलंय म्हणजे नोकरासारखं राबवलंय आणि येताजाता उपकार ऐकवलेत. दोन निपुत्रिक समाजसेवक जोडपी. पुढचं मी लिहीत नाही.

इतवारी_राजा

ताई, हे माहीत नव्हतं. वाचतो.

तरी ‘धूल का फूल’ बद्दल माझं म्हणणं कायम. त्यात बाप खुद्द मॅजिस्ट्रेट असते, अन् त्याचंच पोर चोरीच्या आरोपात त्याच्यापुढे उभं राहते. माला सिन्हा भर कोर्टात सांगते हा कोणाचा. म्हणजे पुरुषाले पिंजऱ्यात आणलं ना शेवटी? तेंडुलकरांनी ते का नाही केलं?

बर्डीवाला

आणलं, मान्य. पण किती योगायोग जुळवावे लागले बघा. तेच शहर, तेच कोर्ट, तोच न्यायाधीश, तीच आई वकिलाची बायको. एवढं सगळं जुळलं तेव्हा कुठे एका बापाला उत्तर द्यावं लागलं. दामल्यांच्या बाबतीत काहीच जुळायला नको, ते फक्त आले नाहीत, आणि सुटले. मला हे जास्त खरं वाटतं.

पडद्याआड

शिवाय दामले आले असते तर सिनेमा त्यांचा झाला असता. पश्चात्ताप, पाणावलेले डोळे, पार्श्वसंगीत, आणि आपण घरी जाताना म्हणालो असतो, काय काम केलंय हो त्या नटानं.

वऱ्हाडी_भौ

😂😂 एकदम बरोबर.

बर्डीवाले भौ, पुढच्या वेळी लक्ष्मीनगरले ‘धूल का फूल’ लावा, राजाभाऊले बोलवा, मी पण परतवाड्याहून येतो. फक्त तर्रीपोहे गरम ठेवा.

इतवारी_राजा

येतो ना. पण मले आरोपी नका करू म्हणजे झालं.

महालातली_मी

आरोपी नाही, साक्षीदार करू. समन्स व्हॉट्सॅपवर येईल, या वेळी गैरहजेरी चालणार नाही.